मोती दिसायची वाट बघू नका

(आपल्या पॉडकास्टच्या भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

आजचा विषय मोतीबिंदू. तो होतोय हे ओळखायचं कसं, कधी शांतपणे डॉक्टरांची वेळ घ्यायची आणि कधी हातातलं काम टाकून धावायचं, एवढंच आज बघूया. तसा विषय सगळ्यांना माहीत असलेला. मलाही वाटायचं की मला माहीत आहे. तरी माझ्या स्वतःच्या आईचा मोतीबिंदू मला जवळजवळ दीड वर्ष कळला नाही. म्हणून सुरुवात घरापासून करते.

आई नायगावला बीडीडी चाळीत राहते. वय ६८. बाबा गिरणीत होते, ते आता नाहीत. भाऊ आणि वहिनी आईजवळच असतात, मी लग्नानंतर डोंबिवलीला. रविवारी माझी नायगावला चक्कर असते. अशाच एका रविवारी खाली भाजी घेताना भाजीवाल्या मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, आजींकडे जरा लक्ष द्या. काल शंभराची म्हणून पाचशेची नोट देत होत्या. मी परत केली. पण सगळेच काय परत करणार नाहीत."

हे दुसऱ्यांदा झालं होतं. दुधवाल्याकडेही तसंच झालेलं. त्या रात्री मी, भाऊ आणि वहिनी हळू आवाजात बोललो आणि तिघांचं एकमत झालं, की आईला आता विसरायला होतंय. तिला तोंडावर कोणी काही म्हटलं नाही. पण वहिनीने पैशांचा डबा आपल्या कपाटात ठेवला, आणि भाजीला भाऊ जायला लागला. ज्या बाईने संपाच्या काळात शिळ्या भाकरीचा कुस्करा करून घर चालवलं, तिच्या हातातून आम्ही व्यवहार काढून घेतला. ती काहीच बोलली नाही. गप्प गप्प राहायला लागली, आणि आम्हाला वाटलं, बघा, हेही त्यातलंच लक्षण.

त्याच सुमारास समोरच्या खोलीतल्या काकू आईशी बोलेनाशा झाल्या. चाळीस वर्षांचा शेजार! कारण काय, तर "जिन्यात समोरासमोर येतात आणि ओळखसुद्धा दाखवत नाहीत." चाळीत राहिलेल्यांना सांगायला नको, ओळख न दाखवणं हा केवढा मोठा अपमान असतो तो.

आईच्या डोक्याला काहीही झालं नव्हतं. तिला नोट दिसत नव्हती, आणि काकूंचा चेहराही दिसत नव्हता.

नावामुळे होणारी फसगत

मोतीबिंदू हा शब्द फार सुंदर आहे, पण तो फसवा आहे. डोळ्याच्या मधोमध मोत्यासारखा पांढरा ठिपका दिसला की तो मोतीबिंदू, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. मीही आईच्या डोळ्यांत पाहिलं होतं. बाहुली काळीच होती. म्हटलं, मोतीबिंदू नाही.

तो पांढरा मोती ही शेवटची पायरी असते. तिथपर्यंत पोहोचायला कित्येकदा वर्षं जातात, आणि ती सगळी वर्षं डोळा वरून बघणाऱ्याला अगदी ठीकठाक दिसतो. म्हणजे मोतीबिंदू डोळ्यात दिसायच्या कितीतरी आधी तो माणसाच्या वागण्यात दिसतो. आजच्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

डोळ्यात होतं तरी काय?

बाहुली म्हणजे खरं तर एक छिद्र. त्यातून उजेड आत जातो. या छिद्राच्या लगेच मागे एक नैसर्गिक भिंग असतं, पारदर्शक, मसुराच्या दाण्यासारखं दोन्ही बाजूंनी फुगीर. ते उजेड एकत्र करून मागच्या पडद्यावर टाकतं आणि आपल्याला दिसतं. हे भिंग मुख्यतः पाणी आणि प्रथिनं यांचं बनलेलं असतं. प्रथिनं नीट रचलेली असतात तोवर ते काचेसारखं स्वच्छ राहतं. वयाबरोबर ही रचना बिघडते, प्रथिनांच्या गुठळ्या होतात आणि भिंग गढूळ होत जातं. अंड्याचा पांढरा भाग कच्चा असताना आरपार दिसतो आणि शिजला की दिसत नाही. साधारण तसंच, फक्त फार फार सावकाश.

म्हणजे मोतीबिंदू हा डोळ्यावर वरून आलेला पडदा नाही, आणि तो वरून खरवडून काढता येत नाही. आपल्याकडे "डोळ्यात फूल पडलं" म्हणतात, ते वेगळं. फूल म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागावरचा डाग, बहुतेकदा जुनी जखम किंवा संसर्गानंतर राहिलेला. मोतीबिंदू त्याच्या मागे, आतल्या भिंगात असतो.

वय हे मोठं कारण. पण मधुमेह असेल तर तो लवकर येतो. स्टेरॉइडची औषधं दीर्घकाळ घेतली, तंबाखूची विडी-सिगारेट ओढली, डोळ्याला जोराचा मार लागला, वर्षानुवर्षं कडक उन्हात काम केलं, तर शक्यता वाढते. क्वचित जन्मतःच बाळाच्या डोळ्यातही तो असतो. तान्ह्या बाळाची बाहुली पांढरी दिसली तर एक दिवसही न थांबता डॉक्टरांना दाखवायचं, कारण पांढऱ्या बाहुलीमागे याहून गंभीर आजारही असू शकतो.

वागण्यात दिसणाऱ्या खुणा

आता आमच्या घरात दीड वर्ष काय काय घडलं, ते एकेक सांगते. प्रत्येक वेळी आमच्याकडे दुसरं कारण तयार होतं.

सारखा चष्मा पुसणं. आई दर थोड्या वेळाने पदराने चष्मा पुसायची. म्हणायची, समोर टॉवरचं काम चाललंय, सगळी धूळ काचेवर बसते. आता नायगावला बीडीडीचा पुनर्विकास चाललाय, धूळ आहेच, त्यामुळे आम्हालाही पटलं. पण धूळ पुसली की जाते. हे धुकं जात नव्हतं. पुसूनही काच मळकट वाटत असेल तर मळ काचेवर नाही, आतल्या भिंगात आहे अशी शंका घ्या.

जास्त उजेड मागणं. "ही ट्यूब गेलेली दिसते, बदल." भावाने बदलली. महिन्याने पुन्हा तेच. तांदूळ निवडायला ती दारात, उजेडाच्या तोंडाशी बसायला लागली. बीडीडीच्या चाळी ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना माहीत आहे, मधून लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या, म्हणजे भर दुपारीही बोळात अंधार. संडास मजल्याच्या टोकाला. आई रात्री तिकडे जाताना भिंतीला हात लावून जायची. आम्ही म्हटलं, गुडघे दुखतात.

उलट बाजूने, उजेडच सहन न होणं. अंधाऱ्या बोळातून बाहेर उन्हात आली की ती थबकायची, कपाळावर हात धरायची. गढूळ भिंगात उजेड सरळ न जाता विखुरतो, म्हणून डोळे दिपतात. रात्री आंबेडकर रोड ओलांडताना समोरच्या गाड्यांचे दिवे मोठे, फुटल्यासारखे, भोवती वलय असलेले दिसायचे. तिने रात्रीचं बाहेर पडणंच बंद केलं. आम्हाला सांगितलं, "आता कंटाळा येतो."

मोतीबिंदू भिंगाच्या कोणत्या भागात आहे यावरही हे ठरतं. तो मागच्या बाजूला असेल तर उन्हात जास्त त्रास, कारण उजेडात बाहुली आकसते आणि नेमक्या गढूळ भागातूनच बघावं लागतं. म्हणून एखादी व्यक्ती सावलीत ठीक आणि उन्हात आंधळी, असं होऊ शकतं. ते नाटक नसतं.

रंग फिके पडणं. आता नोटांचं कोडं सोडवू. गढूळ होताना भिंग पिवळट, पुढे तपकिरी होतं. म्हणजे माणूस सगळं जग पिवळ्या काचेतून बघतो. निळा, जांभळा हे रंग त्यात मारले जातात. नवी शंभराची नोट फिकट जांभळी आहे, पाचशेची दगडासारखी करडी. पिवळ्या काचेतून जांभळं बघितलं की तेही करडंच दिसतं. त्यात दोन्ही नोटांची उंची सारखी आणि लांबीत जेमतेम ८ मिलिमीटरचा फरक. आईच्या बाजूने बघितलं तर त्या दोन नोटा खरोखरच एकसारख्या होत्या. हा बदल इतका हळू होतो की माणसाला स्वतःला कळतच नाही. "मला रंग फिके दिसतात" अशी तक्रार घेऊन सहसा कोणी येत नाही.

चष्म्याचा नंबर सारखा बदलणं. दीड वर्षात आम्ही जवळच्या एका दुकानातून तीनदा चष्मा करून आणला. प्रत्येक वेळी आठ-पंधरा दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. दुकानात फक्त नंबर काढून मिळाला. भिंग तपासायला डोळ्यांचे डॉक्टर लागतात हे आमच्याही डोक्यात आलं नाही.

जवळचं अचानक चांगलं दिसायला लागणं. ही सगळ्यात फसवी खूण. मधे एकदा आई चष्मा न लावता कालनिर्णय जवळ धरून चतुर्थी कधी आहे ते वाचायला लागली. आम्ही सगळे खूश! आईची नजर परत आली, असं मी मैत्रिणींनाही सांगितलं. प्रत्यक्षात भिंगाचा मधला भाग घट्ट होत गेला की त्याची ताकद वाढते, जवळचं काही काळ चष्म्याशिवाय दिसतं, आणि दूरचं आणखी बिघडतं. साठीनंतर कोणाचा वाचायचा चष्मा आपोआप सुटला तर पेढे वाटू नका, डोळे तपासून घ्या.

एकाच डोळ्याने दोन दिसणं. एक डोळा झाकल्यावरही उघड्या डोळ्याला चंद्र दोन दिसतात, अक्षराला सावली दिसते. हेही मोतीबिंदूत होऊ शकतं.

चेहरे न ओळखणं. आई लोकांना आवाजावरून ओळखायला लागली होती. बोललं की पटकन नाव घ्यायची. काकू जिन्यात बोलल्या नाहीत, म्हणून तिला कळलं नाही. तिने ओळख दाखवली नाही म्हणून काकू बोलल्या नाहीत. झालं ते एवढंच.

आता या यादीत काय नाही ते बघा. दुखणं नाही. डोळा लाल होणं नाही. चिपडं येणं नाही. मोतीबिंदू साधारणपणे दुखत नाही, म्हणून तर तो राहून जातो.

घरच्या घरी पाच मिनिटं

हे निदान नाही, शंका घेण्यापुरती चाचणी आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरपासून दहा फुटांवर, चांगल्या उजेडात, दूरचा चष्मा असेल तर तो लावून बसवा. एक डोळा तळहाताने अलगद झाका, दाबू नका. तारखेचे मोठे आकडे वाचायला सांगा, मग त्याहून बारीक अक्षरं. मग दुसरा डोळा. दोन्हींत फरक आहे का बघा. एक डोळा चांगला असेल तर तो दुसऱ्याचं सगळं काम निभावून नेतो, आणि दुसरा किती बिघडलाय ते कळतच नाही. पुढे पांढरा रुमाल धरा आणि दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने बघायला सांगा. एका डोळ्याला तो पिवळट, जुनाट वाटतो का?

आईने उजवा डोळा झाकला आणि विचारलं, "कॅलेंडर काढलंस का गं?" कॅलेंडर समोरच होतं.

आणि परीक्षा घेतल्यासारखं विचारू नका. "तुला दिसतं ना?" या प्रश्नाला आपल्या आईवडिलांचं उत्तर ठरलेलं असतं: "दिसतं की." त्याऐवजी विचारा, अलीकडे काय करायचं सोडलंस? पोथी वाचणं, सुईत दोरा ओवणं, रात्री बाहेर पडणं, बसचा नंबर बघून एकटीने जाणं. उत्तर त्या यादीत मिळेल.

हे झालं तर मात्र धावा

कमी दिसणं म्हणजे मोतीबिंदूच, असं समजू नका. डोळा अचानक खूप दुखतोय, लाल झालाय, दिव्याभोवती रंगीत वलयं, डोकं दुखतंय, उलटी होतेय, तर तो काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. अचानक विजा चमकल्यासारखं होणं, काळे ठिपके एकदम वाढणं, कडेने पडदा ओढल्यासारखं होणं, ही आतला पडदा सुटल्याची खूण असू शकते. एका डोळ्याने एकाएकी दिसेनासं होणं हेही तसंच. यात तासांचा हिशेब असतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

मधुमेह्यांच्या बाबतीत आणखी एक. मोतीबिंदूच्या मागे, पडद्यावरही मधुमेहाने इजा झालेली असू शकते. म्हणून "मोतीबिंदू असेल, बघू नंतर" हे त्यांनी मुळीच म्हणू नये. तपासणीत डॉक्टर थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि भिंग, पडदा दोन्ही बघतात. त्यानंतर काही तास धूसर दिसतं, तेव्हा सोबत कोणीतरी न्या, आणि स्वतः गाडी चालवू नका.

"पिकू दे, मग बघू"

हे वाक्य अजून ऐकू येतं. ते अगदी खोटंही नव्हतं, पण जुन्या काळचं आहे. पूर्वी अख्खं भिंग काढून टाकायचे, आणि ते पिकलेलं असलं तर काढायला सोपं जायचं. नंतर डोळ्यात भिंगच नसायचं, म्हणून आजोबांच्या डोळ्यांवर ते सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखे जाड चष्मे असायचे.

हे बदललं ते १९४९ साली. लंडनचे डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी महायुद्धात जखमी वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या खिडकीच्या प्लास्टिकचे कण पाहिले होते, आणि डोळा ते कण निमूट सहन करतो हे त्यांच्या लक्षात आलं. तशाच प्लास्टिकचं भिंग त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवलं. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून बारीक छेदातून ओढून घेण्याची पद्धत काढली. ही कल्पना त्यांना दातांच्या डॉक्टरांच्या यंत्रावरून सुचली. आजचं 'फेको' ते हेच.

त्यामुळे आता मोतीबिंदू पिकायची वाट बघायची नसते. उलट फार पिकला तर भिंग दगडासारखं कडक होतं, शस्त्रक्रिया अवघड होते, आणि फुगलेल्या भिंगामुळे डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते. तसंच मोतीबिंदू आहे म्हणून उद्याच ऑपरेशन, असंही नाही. तुमची रोजची कामं अडायला लागली की वेळ आली, हे डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. थेंबांनी, मधाने, कांद्याच्या रसाने तो विरघळत नाही. तसलं काही डोळ्यात घालू नका. आणि "दिवाळी झाली की थंडीत करू" हेही सोडा. ऑपरेशन कोणत्याही ऋतूत होतं.

ऑपरेशन साधारण अर्ध्या तासाच्या आतलं, बहुतेकांचं डोळा बधिर करून होतं आणि त्याच दिवशी घरी सोडतात. नंतर काही आठवडे थेंब वेळेवर घालायचे, डोळा चोळायचा नाही, डॉक्टर सांगतील तोवर पाणी जाऊ द्यायचं नाही. ऑपरेशननंतर दुखणं किंवा लाली वाढली, दिसणं कमी झालं, तर तारखेची वाट न बघता परत जायचं. काहींना पुढे काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धूसर दिसतं. तो मोतीबिंदू परत आलेला नसतो. नव्या भिंगामागची पातळ पिशवी गढूळ होते, आणि ती लेझरने मोकळी करता येते.

खर्चाचं म्हणाल तर सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत हे अगदी कमी खर्चात किंवा मोफत होतं. नायगावकरांना परळचं केईएम जवळ आहे, भायखळ्याला जे. जे. आहे. पूर्वी जे. जे.त असलेले डॉ. तात्याराव लहाने यांनी रुग्णालयात आणि राज्यभरच्या शिबिरांत मिळून लाखाहून जास्त शस्त्रक्रिया केल्या, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. आणि तरीही २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वाचं ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू हेच निघालं. म्हणजे दहातल्या सहा-सात जणांचं अंधत्व टळू शकलं असतं, किंवा अजूनही जाऊ शकतं.

आईचं पुढे काय झालं

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, घरी आली आणि पहिलं काय म्हणाली असेल? "अगं, ओट्यामागची फरशी एवढी तेलकट झालीय, कोणाला दिसत नाही का?" वहिनी हसता हसता रडायला लागली. मग आईने स्वतःच्या अंगावरची साडी हातात धरली. "ही निळी आहे होय? मी दोन वर्षं राखाडी समजून नेसतेय."

चार दिवसांनी बोळात काकू दिसल्या. आईने लांबूनच त्यांना नावाने हाक मारली. काकू थांबल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही, मी खोलीत होते. पण अर्ध्या तासाने आमच्याकडे वाटीभर खीर आली.

पैशांचा डबा वहिनीने आपणहून पुन्हा आईच्या फळीवर ठेवला. त्या डब्याबद्दल आईने आम्हाला अजून एक शब्द विचारलेला नाही. मला मात्र तो डबा दिसला की वाटतं, आम्ही तिला वेडी ठरवायच्या आधी एकदा तिचा एक डोळा झाकून बघायला हवा होता. पाच मिनिटांचं काम होतं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. या वेळी तारीख आईनेच ठरवली. स्वतः कालनिर्णय बघून.

तुमच्या घरात कोणी सारखा चष्मा पुसत असेल, ट्यूब बदलायला सांगत असेल, तर हा भाग त्यांना ऐकवा किंवा मोठ्याने वाचून दाखवा. आणि मग कॅलेंडरसमोर बसवा. पुढच्या भागात काचबिंदूबद्दल बोलू. तोपर्यंत नमस्कार, काळजी घ्या.